गावात आत्महत्या रोखण्यासाठी प्रशिक्षण आणि मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीव द्यावा असे विचार आत्ता तुमच्याच मनात येत असतील, तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ लावा. टेलिमानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोनवर बोलवत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या कुणाही एकाजवळ जाऊन बसा आणि "मला एकटं सोडू नका" एवढंच सांगा. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा १०८.

खालचे प्रश्न आम्हाला विदर्भातल्या गावांत प्रशिक्षण देताना विचारले जातात. सभेत फारसं कुणी विचारत नाही. चहाच्या वेळी, नाहीतर गाडीपर्यंत सोडायला आलेला माणूस हळूच विचारतो. म्हणून उत्तरंही तशीच, समोरासमोर बोलल्यासारखी लिहिली आहेत.

आम्ही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. आम्ही काय करणार?

साप चावला तर शहाणा माणूस विष उतरवायला बसत नाही, गाडी काढतो. तुमचं काम तेवढंच आहे. माणूस अडचणीत आहे हे ओळखायचं, त्याला विचारायचं, ऐकून घ्यायचं आणि उपचारापर्यंत पोहोचवायचं.

साध्या गावकऱ्यांना हे जमतं का, याचं उत्तर आपल्याच भागात मिळालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडून घरोघरी काम करून घेतलं. नैराश्य असलेल्यांपैकी कुठल्याही उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आधीच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्राने 'आत्मीयता' हा प्रकल्प सुरू केला. तिथेही गावातलेच स्वयंसेवक होते, आणि पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला. म्हणजे तज्ज्ञ गावात येऊन राहण्याची वाट बघायची गरज नाही. तो येणारही नाही.

हा शेतकऱ्यांचाच प्रश्न आहे ना?

नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८, म्हणजे पाचव्या भागाहून थोडे कमी. बाकीचे कोण? रोजंदारीवर जाणारे, घर सांभाळणाऱ्या बायका, विद्यार्थी, नोकरदार, म्हातारे. शेतकऱ्याच्या घरी पुढारी येतात, कॅमेरे येतात, ते योग्यच आहे. पण त्याच गल्लीतल्या लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या सुनेकडे कुणाचं लक्ष नसतं. आम्ही बचत गटांपासून सुरुवात करतो त्याचं हे एक कारण.

प्रशिक्षणात नेमकं काय शिकवता? व्याख्यान असतं का?

व्याख्यान अर्धा तास, त्याहून जास्त नाही. उरलेला वेळ सराव. जगभर याला गेटकीपर ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे अडचणीतला माणूस आधी ज्यांच्या नजरेस पडतो अशांचं प्रशिक्षण, आणि त्याचे वेगवेगळे नमुने आहेत. अमेरिकेत पॉल क्विनेट यांनी 'विचारा, राजी करा, पोहोचवा' या तीन पायऱ्यांचा नमुना बसवला, तो सगळ्यात सुटसुटीत. आम्ही त्याला चौथी पायरी जोडतो: परत जा. आमच्या मते सगळ्यात मोलाची तीच, आणि लोक सगळ्यात आधी विसरतात तीही तीच.

सराव असा होतो. दोघं दोघं समोरासमोर बसतात. एकाने अडचणीतला माणूस व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं. एका गावात कृषी केंद्र चालवणारे एक भाऊ आणि आशाताई अशी जोडी होती. भाऊंनी पाऊस, बोंडअळी, कापसाचा भाव, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही काही बरंवाईट करणार नाही ना?" आशाताईंनी लगेच मान हलवली, "नाही नाही." दोघंही हसले आणि त्यांना वाटलं, झालं. मग आम्ही भाऊंना तोच प्रश्न सरळ विचारायला सांगितलं. तीन वेळा तोंड उघडलं, शब्द बाहेर येईना. चौथ्या वेळी खाली बघत म्हणाले, "ताई, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" खोलीत कुणी हसलं नाही. आशाताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी भूमिकेतल्या बाईचं सगळं सांगितलं, आम्ही लिहून दिलेल्यापेक्षा बरंच जास्त.

"करणार नाहीस ना" म्हणताना आपण समोरच्याकडून "नाही" मागून घेतो. आपल्याला धीर हवा असतो, म्हणून तो आपल्याला धीर देतो आणि घरी जातो. हा एक प्रश्न सरळ तोंडातून काढता आला की प्रशिक्षणाचं अर्धं काम झालं.

पण थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरणार नाही का?

ही भीती सगळ्यांना असते, डॉक्टरांनासुद्धा. तिचा अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त मुलांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारलं, काहींना नाही. विचारलेल्या मुलांमध्ये त्रास किंवा असे विचार वाढले नाहीत. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडं हलकंच वाटलं. नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसलं. ज्याच्या मनात काही नाही तो म्हणेल, "काहीतरीच काय विचारता?" तुमचं तेवढं नुकसान. ज्याच्या मनात आहे त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलेलं असतं.

मात्र चारचौघांत विचारू नका. पारावर नाही, लग्नाच्या पंगतीत नाही. शेताकडे चालत जाताना किंवा ओसरीत दोघंच असताना विचारा. घाईत असाल तर त्या दिवशी विचारू नका, कारण उत्तर "हो" आलं तर तास-दोन तास बसावं लागेल.

कुणाला विचारायचं? ओळखायचं कसं?

आधी प्रयत्न केलेला असणं, ही सगळ्यात मोठी खूण. "एकदा अद्दल घडली, आता नाही करणार" हा समज घातक आहे.

त्याखेरीज माणसाचं बोलणं बदलतं: "माझ्यामागे पोरांना सांभाळा", "आता थोडेच दिवस", "मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल". वागणं बदलतं. रोज टपरीवर येणारा यायचा थांबतो. बाजाराच्या दिवशी घरीच पडून राहतो. झोप उडते. दारू एकदम वाढते. जपून ठेवलेली वस्तू सहज कुणाला देऊन टाकतो, उसनवारी मिटवत फिरतो, भांडण झालेल्या भावाला अचानक भेटून येतो. यातली एखादी गोष्ट कुणीही करेल, तेवढ्याने घाबरून जायचं कारण नाही. तीन-चार एकत्र दिसल्या आणि त्याच सुमाराला काही मोठा फटका बसलेला असेल, म्हणजे बँकेची नोटीस, मुलीचं मोडलेलं लग्न, नापासाचा निकाल, असाध्य दुखणं, तर त्याच दिवशी जा.

आणखी एक खूण फसवी असते. कित्येक दिवस खचलेला माणूस अचानक शांत, हसरा दिसायला लागतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. कधी ते खरंच बरं होणं असतं. कधी मनाशी निर्णय झालेला असतो. म्हणून तेव्हाही विचारा.

तो "हो" म्हणाला तर?

घाबरून जाऊ नका आणि उपदेश सुरू करू नका. "बायका-पोरांचा विचार कर", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात", "हा भ्याडपणा आहे" ही वाक्यं त्याने स्वतःला आधीच ऐकवलेली असतात. ऐका. मधेच तोडू नका. मग विचारा: कसं करायचं हे ठरवलंय का? कधी? जवळ काही आहे का? विचार आहेत पण बेत नाही, तर त्याच्यासमोरच १४४१६ लावा आणि दवाखान्याचा दिवस पक्का करून उठा. बेत आहे, साधन हाताशी आहे, आजच-उद्याची गोष्ट आहे, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. घरच्या एका माणसाला सांगायचं, साधन तिथून हलवायचं, १०८ बोलवायची किंवा गाडीने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. १०८ ला पैसे लागत नाहीत.

शांत झाल्यावर एक कागद करायचा. मानसोपचारात याला सुरक्षा आराखडा म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅन्ली आणि ब्राऊन या दोघांनी तो बसवला. कागदावर त्यानेच लिहायचं, लिहिता येत नसेल तर सांगायचं: विचार वाढायला लागल्याची माझी खूण कोणती, तेव्हा मी एकटा काय केलं तर थोडं बरं वाटतं, कुठे जाऊन बसतो, कुणाला फोन करतो, डॉक्टरचा नंबर काय, घरातली कोणती वस्तू कुणाकडे ठेवायला दिली. आमच्याकडे बरेच जण हा कागद बँकेच्या पासबुकात घालून ठेवतात. ते नेहमी हाताशी असतं.

"कुणाला सांगू नको, तुला माझी शपथ" म्हणाला तर?

शपथ घेऊ नका. आधीच घेतली असेल तर मोडा. "तुझं बाकी सगळं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाची गोष्ट मी एकट्याने पोटात ठेवणार नाही" हे तोंडावर सांगा. चिडेल. चिडलेला माणूस समजूत काढायला जिवंत तर असतो.

बाकी गुप्तता मात्र कसोशीने पाळायची. कर्ज किती, सूनबाईचं काय, दारूचं काय, यातलं अक्षर टपरीवर गेलं तर त्या गावात पुढे कुणी तोंड उघडणार नाही.

१४४१६ लावल्यावर काय होतं?

आधी भाषा निवडायला सांगतात, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो फोन मानसोपचारतज्ज्ञांकडे देतो किंवा जिल्ह्यातली सेवा सांगतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स संस्था तिची मध्यवर्ती संस्था आहे. रेंज नसलेल्या वाड्या-पाड्यांत फोन मधेच तुटतो, तेव्हा दुसऱ्यासाठी लावत असाल तर रेंज कुठे मिळते ते आधी बघून ठेवा. आणि प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येकाने एकदा स्वतः तो नंबर लावून बघावा, असं आम्ही सांगतो. आपण न बघितलेल्या दारात दुसऱ्याला पाठवताना आवाजात खात्री येत नाही.

लहान मुलांसाठी १०९८, संकटातल्या बायकांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७.

पोलीस केस होईल ना? म्हणूनच लोक दवाखान्यात नेत नाहीत.

या भीतीने खरंच जीव गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर.

भारतीय दंड विधानाचं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानायचं. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ते घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तसाच निकाल दिला, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फिरवला आणि कलम पुन्हा उभं राहिलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुन्या ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. राहिलंय ते कलम २२६: सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडायला किंवा अडवायला असा प्रयत्न केला तर. सामान्य माणसाच्या घरातल्या दुःखाशी त्याचा संबंध नाही.

तरी दवाखान्यात 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) लिहितात, पोलीस येऊन जबाब घेतात. ती नोंद आहे, अटक नाही. त्या भीतीने "चुकून झालं" असं डॉक्टरला सांगू नका. खरं सांगितलं तर उपचार बरोबर होतात आणि नंतर मानसोपचाराचीही चिठ्ठी मिळते.

दुसऱ्याला आत्महत्येला प्रवृत्त करणं हा मात्र अजूनही गुन्हा आहे, संहितेचं कलम १०८.

औषधोपचार कुठे मिळतात?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांत येतं. तो दिवस आशाताईला माहीत असतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही सोय आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. पण "नागपूरला नेतो" म्हटलं की घरचे दचकतात, आणि बहुतेकांना तिथे जायची गरजही नसते. बाह्यरुग्ण विभागातून गोळ्या आणि बोलणं, एवढ्यावर बरेच जण सावरतात. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी पुडी कोनाड्यात जाते.

शेतकऱ्याचा प्रश्न कर्जाचा, भावाचा आहे. तुमच्या बोलण्याने कर्ज फिटणार आहे का?

नाही फिटणार. आणि जे समुपदेशक शेतकऱ्याला "सकारात्मक विचार करा" सांगून जातात त्यांच्यावर तुमच्याइतकाच आमचाही राग आहे. पीक गेलं, विमा आला नाही, भाव पडला, हा मनाचा आजार नव्हे. पण तेवढंच कर्ज असलेल्या अनेकांपैकी एकाचा जीव जातो. त्या एकाजवळ त्या आठवड्यात कुणी होतं का, एवढाच आमचा प्रश्न आहे. धोरणासाठी मोर्चा काढा आणि संध्याकाळी त्याच्या घरीही जाऊन या.

पैशाच्या बाजूनेही प्रशिक्षणात एक तास असतो, कारण कोरडं ऐकून घेणं पुरत नाही. परवाना नसलेल्या सावकाराचा तगादा असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. अवैध सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारात ती परत मिळवण्याची तरतूद या कायद्यात आहे. हे माहीतच नसलेले कितीतरी जण भेटतात. मोफत कायदेशीर मदतीसाठी तालुका विधी सेवा समिती, फोन १५१००. कुणी नोटीस हातात घेऊन बसला असेल तर ती वाचून घ्या. जप्तीची वाटलेली नोटीस कधी कधी नुसतं स्मरणपत्र निघते. ते वाचून दाखवलं की माणूस त्या रात्री झोपतो.

फवारणीची औषधं घराबाहेर ठेवा म्हणता. ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल ना?

पुष्कळदा नाही. तीव्र इच्छेची वेळ काही मिनिटांची किंवा तासांची असते, त्या वेळात हाताशी काय आहे यावर बरंच ठरतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि नव्वदच्या दशकातल्या शिखरापासून तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. तामिळनाडूत गावाने मिळून कुलूपबंद कप्प्यांत औषधं ठेवण्याचा प्रयोगही झाला आहे.

गावात करण्याजोगं साधं आहे. लागेल तेवढंच औषध आणायचं, उरलेलं घरात ठेवायचं नाही, पेटी शेतावर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. घरात कुणी खचलेलं असेल तर त्या हंगामात फवारणी भावाने किंवा शेजाऱ्याने करायची. कृषी केंद्रवाल्यांना प्रशिक्षणाला आग्रहाने बोलवा. फवारणीचा मोसम नसताना उधारीवर औषध मागणारा माणूस त्यांच्याच काउंटरवर येतो.

शाळा-कॉलेजात कार्यक्रम घ्यावा का?

आधी शिक्षक, होस्टेलचे वॉर्डन आणि पालक. पाचशे मुलांना मैदानात बसवून या विषयावर भाषण देऊ नका, आणि नाटुकलीत मृत्यू तर अजिबात दाखवू नका. निकालाच्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी घरी फोन केले तर ते कुठल्याही पोस्टरपेक्षा उपयोगी. केंद्र सरकारच्या 'मनोदर्पण'चा विद्यार्थ्यांसाठीचा नंबर ८४४८४४०६३२.

प्रयत्नातून वाचलेला माणूस घरी आलाय. त्याच्याशी कसं वागायचं?

जा. पहिल्या आठवड्यात जा, महिन्याने जा, आणि लोक विसरल्यावरही जा.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यातलं एक ठिकाण चेन्नई. प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना त्यासोबत तासभर माहिती दिली आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन केला किंवा घरी भेट दिली. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२ टक्के. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही, फक्त "कसे आहात?" हे परत परत विचारणं. चौथ्या पायरीचा आमचा हट्ट यासाठीच.

गेल्यावर काय बोलायचं? "असं का केलंस?" नको. "तू आहेस ते बरं वाटलं" चालेल. पिकाचं, गाईचं, पोरांच्या शाळेचं बोला. अर्धा तास गप्प बसून चहा पिऊन आलात तरी चालेल. पण जाताना विचारा की ते विचार अजून येतात का, आणि पुढच्या खेपेचा दिवस सांगून निघा. त्या दिवशी जा. न जाणं हे न सांगण्यापेक्षा वाईट.

घरात आत्महत्या झाली आहे. आम्ही त्या कुटुंबासाठी काय करू?

तेराव्यानंतर मांडव उठतो, पाहुणे जातात, तिथून खरा काळ सुरू होतो. अशा मृत्यूत दुःखाबरोबर "आपल्याला आधी कळायला हवं होतं" हा आरोप घरचे स्वतःवर करत असतात, आणि गाव त्यात भर घालतं, विशेषतः बायकोवर. हे बोलणं तुमच्यासमोर सुरू झालं तर तिथेच थांबवा. पाळत ठेवायची नाही, पण घरातल्या बाकीच्यांकडेही, खासकरून तरुण मुलांकडे, लक्ष असू द्या. त्यांनाही धोका वाढलेला असतो.

कामं बरीच असतात आणि ती वहिनींना एकटीला जमत नाहीत. सातबाऱ्यावर वारस नोंद. बँकेचं खातं. आयुर्विमा असेल तर पॉलिसी सुरू होऊन १२ महिने झालेले असल्यास पूर्ण रक्कम मिळते, त्याआधी झालं तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के. "आत्महत्येला विमा मिळत नाही" हे एजंटाचं तोंडी उत्तर मान्य करू नका. शेतकरी कुटुंबाला राज्य सरकारची १ लाख रुपयांची मदत २००६ च्या शासन निर्णयाने मिळते: ३० हजार लगेच, ७० हजार ठेवीच्या रूपात. पात्र की अपात्र हे जिल्हा समिती ठरवते आणि जमीन कुटुंबाच्या नावावर नसली किंवा कर्ज खाजगी असलं की प्रकरण अडकतं. कूळ म्हणून कसणाऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांवर हा सरळ अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. कागद गोळा करायला एका शिकलेल्या मुलाने त्या घरासोबत तहसीलला खेपा घालणं, ही शोकसभेपेक्षा मोठी मदत.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आणि चिठ्ठी फिरते. काय करावं?

ॲडमिनने उडवावी. ठिकाण, पद्धत, चिठ्ठीतला मजकूर फिरवला की आधीच काठावर असलेल्या दुसऱ्याला त्याचा धक्का लागतो. व्हिएन्नात १९८७ नंतर वर्तमानपत्रांनी मेट्रोतल्या अशा घटनांच्या बातम्यांची पद्धत बदलली आणि घटना चटकन कमी झाल्या. भारतीय प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. तालुक्याच्या वार्ताहरालाही प्रशिक्षणाला बोलवा. चांगली बातमी कशी द्यायची हे त्याला हवंच असतं, त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं.

आमची मुलं पुण्या-मुंबईत, कुणी परदेशात. त्यांच्यासाठी?

१४४१६ देशभर चालतो. पुण्यात 'कनेक्टिंग', मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' आणि 'समॅरिटन्स', गोव्यात 'कूज' या संस्था वर्षानुवर्षं हे काम करतात. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४.

प्रशिक्षणाला कुणाला बसवायचं?

पंचवीस-तीस जण पुरे. ज्यांच्याकडे लोक आपणहून बोलतात ते: आशाताई, अंगणवाडी ताई, न्हावी, टपरीवाला, किराणावाला, दूध संकलनवाला, बचत गटाच्या अध्यक्षा, शिक्षक, पोलीस पाटील, गावातले डॉक्टर, भजनी मंडळातलं एखादं म्हातारं माणूस. सरपंचांनी जरूर यावं, पण सतरंजीवर बसावं. व्यासपीठ, हार, सत्कार नकोत. फोटोही नकोत, कारण त्या खोलीत कुणीतरी स्वतःच्या घरची गोष्ट सांगणार असतं. बायकांची आणि पुरुषांची एक बैठक एकत्र आणि एक वेगळी ठेवली तर दोन्हीकडे वेगळं ऐकायला मिळतं.

प्रशिक्षण घेतलेल्यालाच झेपेनासं झालं तर?

होतं असं. एक माणूस एका वेळी दोनपेक्षा जास्त घरं हातात घेणार नाही, आणि कुठलंच घर एकट्याने घेणार नाही, हा नियम करा. महिन्यातून एकदा सगळ्यांनी तासभर बसायचं, नावं न घेता बोलायचं. सगळं करूनही एखादा जातो. तेव्हा त्या स्वयंसेवकाच्या घरी इतरांनी जायचं आणि त्यालाही तोच सरळ प्रश्न विचारायचा. स्वतःच्या घरात नुकतंच असं काही झालेल्याला किमान वर्षभर हे काम देऊ नका, त्याने कितीही आग्रह धरला तरी.

कधी घ्यावं?

१० सप्टेंबरला जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन असतो, तालुक्याला रॅली निघते, ती निघू द्या. गावातलं प्रशिक्षण पाडव्यानंतर ते पेरणीच्या आधी, संध्याकाळी सातनंतर ठेवा. तेव्हा शेताची कामं कमी असतात आणि पेरणीच्या पैशांची जुळवाजुळव सुरू झालेली असते, म्हणजे कुणाकडे लक्ष ठेवायचं ते दिसायला लागलेलं असतं. पुढे वेचणीची गडबड ओसरली की, दोन तासांची उजळणी. त्या वेळी पहिला अर्धा तास फक्त एवढंच: कोण कुणाकडे परत जाऊन आलं, आणि कुणाकडे जायचं राहिलंय.